जहाजावरील पंगत व कॉफीचें मेज

लढाया, तह आणि वंशावळी यांचा शोध आपण जितक्या आस्थेनें करतों, तितक्या आस्थेनें जेवणाच्या पानाचा करीत नाहीं. वास्तविक कोण कोणाबरोबर, कोठें व कोणत्या वेळीं जेवतो, यावरून समाजाची घडण जेवढी उघड होते तेवढी पुष्कळ सनदांवरूनहि होत नाहीं. प्रस्तुत लेखांत समुद्रावरील भोजनाच्या इतिहासाची या दृष्टीनें थोडी छाननी करावयाची आहे.

लेखाचें निमित्त किरकोळ आहे. गेल्या हिंवाळ्यांत मुलीच्या आग्रहावरून मीं मुंबई बंदरांतून गोव्याकडे जाणाऱ्या एका विहारनौकेवर दोन रात्री काढल्या. आजकाल अशा नौकेस क्रूझ म्हणतात. दुसऱ्या दिवशीं जेवणाची वेळ टळून गेल्यावर कठड्यालगतच्या एका लहान मेजाशीं बसून मीं कॉफी व भाजलेल्या पावाचे दोन तुकडे घेतले. शेजारीं कोणी दोसा खात होतें, कोणी नुसतेंच पाण्याकडे पाहत बसलें होतें. घंटा झाली नव्हती. जागा कोणी नेमून दिली नव्हती. जातगोत तर कोणीं विचारलेंच नाहीं. सारें आयुष्य शाळेच्या घंटेवर घालविलेल्या माणसास हें फार सुखाचें वाटलें. त्याच वेळीं आजीनें सांगितलेली एक गोष्ट आठवली. आमच्या घराण्यांतील एक गृहस्थ विलायतेहून परत आल्यावर त्यांचें पान पुष्कळ दिवस ओसरीच्या कोपऱ्यांत वेगळें मांडीत असत. त्या पानापासून या मेजापर्यंतचा रस्ता कसा आला, हें पाहावें असें मनांत आलें.

जहाजावरील कॉफीगृह म्हणजे श्रीमंतांचा एक नवा चोचला, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. समुद्रावरील पंगत हळूहळू मोडत गेली, तिचा हा शेवटचा टप्पा होय, आणि ती पंगत केवळ आपलीच नव्हती, युरोपियनांचीहि होती, असें माझें प्रतिपादन आहे.

प्रथम कॉफीविषयीं. या पेयाचा व समुद्राचा संबंध मूळचाच आहे. युरोपियन ज्यास मोका म्हणत तें येमेनच्या किनाऱ्यावरील मुखा बंदर या व्यापाराचें मुख्य ठाणें होतें, व सुरतेचीं जहाजें तेथें नियमानें जात. अरबी भाषेंत बियांस ‘बुन्न’ व पेयास ‘कहवा’ म्हणतात. जुन्या मराठींतील ‘बुंद’ हा शब्द याच घराण्यांतला. जहांगीर बादशहाच्या दरबारीं आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी हा १६१६ ते १६१९ या काळांत या देशांत होता. त्याचें प्रवासवर्णन १६५५ सालीं छापलें गेलें. येथील जे लोक धर्मनिष्ठेमुळें मद्य घेत नाहींत ते कॉफी नांवाचें पेय घेतात, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. म्हणजे दारूच्या मेजापासून दूर राहणाऱ्याचें पेय म्हणूनच कॉफीची ही नोंद झाली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. बौधायन धर्मसूत्रांत ‘समुद्रसंयान’ हें पतनास कारण होणाऱ्या कर्मांत गणलें आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच सूत्रग्रंथाच्या आरंभीं उत्तरेकडील व दक्षिणेकडील लोकांचे पांच पांच विवादास्पद आचार सांगितले आहेत, त्यांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. उत्तरेकडील पांचांत समुद्रसंयान आहे. दक्षिणेकडील पांचांत अनुपनीताबरोबर भोजन व पत्नीबरोबर भोजन हीं आहेत. म्हणजे एकाचा दोष प्रवासाचा, तर दुसऱ्याचा सहभोजनाचा. हे दोन्ही प्रश्न सूत्रकारानें एकाच प्रकरणांत शेजारीं शेजारीं ठेवले, आणि पुढें आगबोटीच्या सलूनमध्यें ते एकाच मेजावर येऊन बसले. कलिवर्ज्य प्रकरणांत समुद्रयात्रेचा निषेध दृढ झाल्यानंतरहि लोकांची खरी अडचण पाण्यावरून जाण्याची नव्हती. पाण्यावर असतांना जेवावयाचें कोठें, ही होती.

याचें महाराष्ट्राच्या इतिहासांतील ठळक उदाहरण रघुनाथराव पेशव्यांनीं इंग्लंडास पाठविलेल्या वकिलांचें आहे. १७८१ सालीं हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण व त्याजबरोबर दोघे पारशी, पिता व पुत्र, लंडनांत होते. तेथें त्यांच्या खाण्यापिण्याचे हाल पाहून प्रसिद्ध पार्लमेंटपटु एडमंड बर्क यानें त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें, व बागेंतील झाडें ठेवण्याचें कांचेचें घर स्वयंपाकासाठीं व धर्मकृत्यांसाठीं त्यांच्या स्वाधीन केलें. पुढें एशियाटिक रिसर्चेसमध्यें विलफर्ड यानें असें लिहिलें कीं, रघुनाथरावांचे वकील परत आल्यावर सोन्याची योनि करवून तींतून त्यांस बाहेर काढलें, व अशा रीतीनें त्यांचा पुनर्जन्म होऊन ते शुद्ध झाले. ही कथा वारंवार उद्धृत होते. पण ती सावधपणें घेतली पाहिजे. एक तर विलफर्ड दोन ब्राह्मणांविषयीं बोलतो, आणि बर्कच्या पाहुण्यांत ब्राह्मण एकच आहे. दुसरें असें कीं, आपल्या पंडितानें पोथ्यांत बनावट मजकूर घुसडून आपणांस फसविलें, अशी कबुली याच विलफर्डनें पुढें स्वतः दिली आहे. सोन्याच्या योनीपेक्षां कांचेच्या घराचा पुरावा मला अधिक भरंवशाचा वाटतो, आणि आपल्या विषयास तोच अधिक उपयोगी आहे. राजकारणासाठीं सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या वकिलासहि स्वतःची चूल वेगळी लागत होती.

पुढील सव्वाशें वर्षांत या अडचणीवर निरनिराळे उपाय झाले. राजा राममोहन राय १८३० च्या नोव्हेंबरांत आल्बियन जहाजावरून निघाले ते नोकर बरोबर घेऊन. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून निघाले. आपण सलूनमधील मेजावर कधीं गेलों नाहीं, बरोबर आणलेली मिठाई व फळें खोलींतच खाल्लीं, असें त्यांनीं आत्मकथेंत सांगितलें आहे. त्यांत धर्माचें कारण होतेंच. पण कांट्याचमच्यांची भीति आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा संकोच हींहि कारणें त्यांनीं प्रांजळपणें दिलीं आहेत. दुसरें टोंक जयपूरच्या महाराजा सवाई माधोसिंग यांचें. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणास जाण्यासाठीं त्यांनीं ऑलिंपिया ही सबंध आगबोट भाड्यानें घेतली, व प्रचंड रौप्यपात्रांत गंगाजल भरून नेलें. तीं पात्रें जयपूरच्या राजवाड्यांत आजहि पाहावयास मिळतात. गरीब विद्यार्थ्यानें खोलीचें स्वयंपाकघर केलें, तर महाराजांनीं जहाजाचें. पंगत मात्र दोघांनींहि सांभाळली.

आतां युरोपियनांचें मेज पाहूं. तेंहि एक प्रकारची पंगतच होती. कंपनीच्या शिडाच्या जहाजांवर कप्तानाच्या मेजाशीं बसण्याचा मान दर्जा व भाडें पाहून मिळे. आगबोटी सुरू झाल्या तरी हा क्रम सुटला नाहीं. मुंबईच्या गोदींत बांधलेली ४११ टनांची ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघून सुमारें महिन्याभरानें सुवेजेस पोहोंचली. एवढ्याशा बोटींत कोळशासच जागा पुरेना. तेथें निवडीचें जेवण कोठून येणार? पुढें मोठ्या बोटी झाल्या तरी एक सलून, लांबच लांब मेजें, जमिनीस खिळलेल्या खुर्च्या आणि हेलकाव्यांत ताटें घसरूं नयेत म्हणून मेजास लावलेल्या लांकडी पट्ट्या, हीच रचना राहिली. घंटा झाली कीं यावें, नेमलेल्या जागीं बसावें, पुढें येईल तें खावें. इंग्रज कादंबरीकार थॅकरे यानें १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींतून फुकट पास मिळवून इजिप्तपर्यंत सहल केली व १८४६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. हौसेच्या जलविहाराचें तें एक आरंभींचें उदाहरण. पण बोटी टपालाच्या, आणि नियमहि टपालाच्या बोटीचेच.

ही पंगत मोडण्यास जर्मन कंपन्यांनीं आरंभ केला. हांबुर्ग-अमेरिका कंपनीचा चालक आल्बर्ट बालिन यानें हिंवाळ्यांत उतारूंवांचून पडून राहणारी ऑगुस्टा व्हिक्टोरिया ही आगबोट १८९१ च्या जानेवारींत भूमध्यसमुद्राच्या सहलीस पाठविली. तो प्रयोग साधल्यामुळें केवळ विहारासाठींच बांधलेली प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ १९०० सालीं पाण्यांत उतरली. १९०३ च्या कैसर विल्हेल्म दुसरा या जहाजावर व्हिएन्नाच्या धर्तीचें कॉफीगृह निघालें. १९०५ सालीं अमेरिका नांवाच्या जहाजावर रिट्झच्या देखरेखीखालीं असें भोजनगृह उघडलें कीं, जेथें हवें तेव्हां जावें, हवा तो पदार्थ मागवावा व त्याचे वेगळे पैसे द्यावे. इंग्रजांनीं तोच कित्ता गिरविला. १९१२ च्या टायटॅनिकवर लुइजी गाट्टी याचें असेंच भोजनगृह होतें, व त्याच्या शेजारीं वेलींनीं सजविलेलें पॅरिसच्या वळणाचें कॉफीगृह होतें.

हा पालट केवळ फॅशनमुळें झाला नाहीं. ह्यू लिंडसेच्या ४११ टनांवरून अमेरिकेच्या बावीस हजार टनांवर मजल गेल्यावर एकाहून अधिक भोजनगृहांस जागा झाली. बर्फघरें आल्यामुळें अन्न टिकूं लागलें, आणि जिवंत कोंबड्याबकरीं बरोबर नेण्याचें कारण उरलें नाहीं. विजेच्या दिव्यांमुळें रात्रीं उशिरांहि मेज मांडतां येऊं लागलें. शेवटीं, कंपन्यांच्या चढाओढींत उतारूची मर्जी हीच विक्रीची वस्तु झाली.

तरीहि मुख्य सलूनमधील नेमलेली जागा व नेमलेली वेळ पुष्कळ वर्षें टिकली. १९५८ च्या ऑक्टोबरांत अटलांटिकवरून जेट विमानें प्रवासी नेऊं लागलीं, व पुढील थोड्याच वर्षांत आगबोटींस उतारू मिळेनासे होऊन त्या विहाराकडे वळल्या. पण दोन पाळ्यांची पंगत त्यांनीं बरोबर नेली. २००० सालीं नॉर्वेजियन क्रूझ लाइननें नेमलेली जागा व वेळ हीं दोन्ही रद्द करण्याची पद्धति सुरू केली, आणि इतरांनीं आपापल्या परीनें तिचें अनुकरण केलें. मला मुंबईच्या नौकेवर जें मेज मिळालें तें या क्रमांतलें होय.

येथें लेख संपविला असता, तर एक बाजू अंधारांत राहिली असती. कॉफीचा पेला पुढें ठेवणाऱ्या हाताची ती बाजू. पी. अँड ओ. च्या बोटींवर सलूनमधील वाढपी बहुधा गोमंतकीय ख्रिस्ती असत. बोट मिळेपर्यंत ते मुंबईंत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कुडां’त राहत. कूड म्हणजे गांवकऱ्यांनीं वर्गणीनें चालविलेलें बिऱ्हाड. ज्या मेजावर ते वाढीत, तेथें बसण्याचा प्रश्नच नव्हता. टायटॅनिकवरील गाट्टीचे नोकर धड खलाशांत नव्हते, धड उतारूंत नव्हते. त्या सुमारें सत्तर माणसांतून तिघेंच वांचलीं, आणि गाट्टी स्वतः बुडाला. पंगत उतारूंपुरती मोडली. वाढणारा व जेवणारा यांमधली मोडली नाहीं.

माझ्या मेजाशीं आलेला तरुण सासष्टीचा निघाला. आजाहि बोटीवर होता व मुंबईंत गांवच्या कुडांत राहत असे, असें त्यानें सांगितलें. तूं कोठें जेवतोस, असें मीं विचारलें. “खालीं, सर. तुमचें सगळ्यांचें झाल्यावर,” असें म्हणून तो रिकामा पेला घेऊन गेला. आजीच्या गोष्टींतील कोपऱ्यांतलें पान मला त्या वेळीं पुन्हां दिसलें.

त्या पानाविषयीं आमच्या दप्तरांत एकहि कागद नाहीं. आजीबरोबर तो पुरावा गेला. म्हणून संग्राहकांस विनंती अशी कीं, जुन्या घरांतून प्रायश्चित्ताच्या खर्चाच्या याद्या, बोटीवरून लिहिलेलीं पत्रें, भोजनाचे छापील तक्ते, तसेंच कुडांच्या वर्गणीच्या वह्या व खलाशांच्या नोकरीच्या पुस्तिका आढळल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. राजाच्या रौप्यपात्रांस राजवाडा मिळाला आहे. वाढप्याच्या वहीस निदान आपल्या मंडळाच्या कपाटांत जागा मिळावी.