घरगुती संगणकाचे आयुष्य

कोणतेही यंत्र विकत घेताना आपण दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारतो : "टिकेल किती?" शिवणयंत्राचा दुकानदार छाती ठोकून सांगे, "तुमची सून वापरील." संगणकाच्या दुकानात हाच प्रश्न विचारला, तर समोरचा मनुष्य आपल्याकडे जरा आश्चर्याने पाहतो. चार-पाच वर्षांनी नवा घ्यावयाचाच, हे त्याने गृहीत धरलेले असते आणि आता आपणही धरले आहे. वस्तुतः चाळीस वर्षांपूर्वीचे पहिले घरगुती संगणक आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. ते कशाने चालतात, कशाने बंद पडतात आणि आणखी किती काळ चालतील, हा आजचा विषय आहे. मी इंजिनियर नव्हे. युनियनच्या कामात आयुष्य गेले. जे शिकलो ते जुन्या बाजारातील पुस्तकांतून आणि काम करणाऱ्यांच्या हातांकडे पाहून. तेव्हा शास्त्रात कोठे पाऊल अडखळले, तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या देशात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईचाच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला, १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. नळी ही दिव्यासारखी तापते आणि दिव्यासारखीच जाते. म्हणून असे यंत्र चालवणे म्हणजे रोज त्याची दुरुस्ती करणे होय. पुढे १९७१ साली संगणकाचा गाभा एका चिपेत मावू लागला, १९७६ साली 'झेड-८०' ही स्वस्त चिप निघाली आणि सामान्य कुटुंबाने संगणक घरी ठेवावा, ही कल्पना शक्य झाली. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एप्रिल १९८२ मध्ये 'स्पेक्ट्रम' बाजारात आणला. पुस्तकाएवढे यंत्र, वर रबरी कळा, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि माहिती साठवावयाला घरचाच टेपरेकॉर्डर! किंमत १२५ पौंडांपासून.

हिंदुस्थानात ही लाट दोन वाटांनी आली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून पहिल्या फेरीत २५० माध्यमिक शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे इंग्लिश बनावटीचे संगणक दिले. पुढे तशाच यंत्रांची जुळणी मोहालीच्या सरकारी कारखान्यात झाली. दुसरी वाट आपल्या पुण्यातून आली. तेथील डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरच्या परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकावयास सुरुवात केली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या कितीतरी मुलांची संगणकाशी पहिली ओळख या काळ्या पेटीनेच करून दिली.

त्या काळी आमच्या चळवळीत मात्र संगणक हा शब्द धास्तीनेच उच्चारला जाई. ती धास्ती अकारण नव्हती. सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते. तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँकांत यंत्रे कशी आणि किती आणावीत, याचा करार व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात झाला. हे यंत्र किती हातांचे काम खाईल, हा प्रश्न आम्ही लढाऊपणे विचारला आणि तो योग्यच होता. परंतु हे यंत्र जगवावयाला किती हात लागतील, हा दुसरा प्रश्न आम्हांला सुचला नाही. तो मला पुढे एका कॅसेटने शिकवला.

त्या हकिगतीकडे येण्यापूर्वी या यंत्राचा मृत्यू कसा होतो, ते पाहू. गिरणीतल्या साच्याचे चाक झिजते, पट्टा तुटतो. चिपेत हलणारा भाग नाही. बेताचा वीजदाब आणि बेताची उष्णता मिळाली, तर ती कित्येक दशके काम करते. जाते ते तिच्या शेजारपाजारचे. सर्वांत आधी जातो कंडेन्सर, ज्याला पुस्तकात कपॅसिटर म्हणतात. एका जातीच्या कंडेन्सरमध्ये द्रव असतो. तो हळूहळू सुकतो किंवा पाझरून तांब्याच्या रेषा खातो. ८५ अंशांच्या उष्णतेत हजार-दोन हजार तास, असे त्याचे आयुष्य कारखाना सांगतो आणि दर दहा अंश उष्णता कमी झाली की ते साधारण दुप्पट होते. म्हणजे पंख्याखालचे यंत्र पत्र्याच्या खोलीतल्या यंत्राहून अधिक जगते. मनुष्याचेही तेच आहे.

दुसरा शत्रू दमट हवा. आमच्या वांद्र्यात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, तेव्हा हे वेगळे सांगावयास नको. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात कागदी थरांचा एक कंडेन्सर असे. वर्षानुवर्षांनी त्याच्या कवचाला बारीक चिरा पडतात, आतला कागद ओल शोषतो आणि एके दिवशी बटण दाबताच तो फुटून खोलीभर धूर होतो. मालकाला वाटते, संगणक जळाला. बहुधा संगणक शाबूत असतो. काही रुपयांचा भाग बदलला की तो पुन्हा उभा राहतो. स्पेक्ट्रमचे दुखणे निराळे. त्याच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीच्या चिपांना तीन वेगवेगळे वीजदाब लागतात. ते देणारी जोडणी बिघडली आणि एक दाब नाहीसा झाला, की त्या चिपाही सोबत जातात. उरलेल्या ३२ किलोबाइटसाठी सिंक्लेअरने चाचणीत अर्ध्या सदोष ठरलेल्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धाच वापरला! अर्ध्या नापास मालावर उभे राहिलेले हे यंत्र चाळीस वर्षे चालले, ही गोष्ट कोणालाही 'टाकाऊ' म्हणण्यापूर्वी आठवावी अशी आहे. याखेरीज कळांखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. त्याची पट्टी कडक होऊन तुटते आणि यंत्राची वाचाच बसते.

आता ती हकिगत. १९९१ साली अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचा एक इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कारखाना बंद पडला. कामगार ४१२, बहुसंख्य स्त्रिया. मी तेव्हा युनियनच्या कचेरीत नवा होतो. प्रत्येकीचे नाव, तिकीट नंबर, लागल्याची तारीख आणि शेवटचा पगार यांचे एक रजिस्टर आम्ही केले. एका कामगाराचा मुलगा कॉलेजात होता, त्याच्याकडे स्पेक्ट्रम होता. त्याने हौसेने तीच यादी संगणकात भरून एका कॅसेटच्या दोन्ही बाजूंना उतरवली. आम्ही त्याचे कौतुक केले आणि कॅसेट माळ्यावर टाकली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी वांद्रे-कुर्ल्यात घराघरांत शिरली. आमच्या कचेरीत पाणी कमरेच्या वर होते. रजिस्टराचा लगदा झाला. दोन वर्षांनी कारखान्याची मालमत्ता विकली जाऊन देण्यांची सुनावणी लागली, तेव्हा व्यवस्थापनाकडून आलेल्या यादीत बरीच नावे नव्हती. आमच्याजवळ दाखवावयास कागद नव्हता. माळ्यावरची कॅसेट मात्र कोरडी होती.

तो मुलगा परदेशी गेलेला. त्याच्या आईने पलंगाखालून यंत्र काढून दिले. ते सुरू होईना. त्याच कारखान्यात पंधरा वर्षे भिंगाखाली सोल्डरिंग केलेल्या एक ताई होत्या. मी त्यांना म्हणालो, "ताई, हे दुकानात नेऊ का?" त्या म्हणाल्या, "भाऊ, आधी उघडू तर द्या." त्यांनी फुगलेले कंडेन्सर ओळखले, लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून, नवे आणवले आणि बदलले. कळांच्या पट्टीचे तुटलेले टोक कात्रीने सरळ कापून उरलेली पट्टी पुन्हा खाचेत बसवली. जुन्या टीव्हीवर अक्षरे उमटली. मग टेप लावली. असे संपूर्ण यंत्र भरावयास सुमारे पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ तो किर्र आवाज ऐकत आम्ही श्वास रोखून बसलो. पहिली बाजू शेवटाला येऊन फसली. या पद्धतीत शेवटी एक बेरीज ताडून पाहिली जाते आणि एक अक्षर चुकले तरी यंत्र 'टेप लोडिंग एरर' म्हणून हात वर करते. दुसरी बाजू मात्र उतरली. रात्रभर तिघांनी पडद्यावरून ४१२ नावे वहीत उतरून घेतली. न जाणो, पुन्हा बंद पडले तर! ती वही हा काही पुरावा नव्हता. पण तिच्यावरून आम्ही घरोघर गेलो, पगाराच्या पावत्या आणि विम्याची कार्डे गोळा केली, आणि गाळलेली नावे यादीत परत चढवली. त्यांत त्या ताईंचेही नाव होते.

या प्रसंगावरून मूळ प्रश्नाकडे येतो. कंडेन्सर मिळाला, कारण तो अनेक कारखाने बनवतात. पट्टी कापता आली, कारण झाकण स्क्रूने उघडत होते. परंतु स्पेक्ट्रममध्ये एक चिप अशी आहे की जी खास त्याच्यासाठी फेरांती या कंपनीने केली होती. तिचे नाव यूएलए. ती गेली असती तर? फेरांती १९९३ साली बुडाली. पुढे क्रिस स्मिथ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ती चिप उघडून, तिची अंतर्रचना पाहून, तिचा संपूर्ण उलगडा २०१० साली पुस्तकरूपाने छापला. तेव्हापासून तिची जागा घेणारी जोडणी नव्याने करता येते. 'झेड-८०'ची मूळ घाटाची चिप मात्र, जवळजवळ ४८ वर्षे बनल्यानंतर, बंद करीत असल्याचे तिच्या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि जूनपर्यंतच मागण्या घेतल्या. साठे आहेत तोवर ती मिळेल. तिचे शास्त्र मात्र जगजाहीर आहे, ही जमेची बाजू.

इंग्लंडात १९५१ सालचा 'हार्वेल डेकाट्रॉन' हा अडीच टनी संगणक स्वयंसेवकांनी दुरुस्त करून नोव्हेंबर २०१२ मध्ये पुन्हा चालवला. त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो, हातांनी बदलता येतो. आजच्या यंत्राची बॅटरी सरसाने चिकटवलेली असते, स्मृती काढता येत नाही आणि नकाशा कंपनीच्या तिजोरीत असतो. ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, हे स्वागतार्ह आहे. पण दुरुस्तीचा हक्क केवळ ग्राहकाचा नव्हे, दुरुस्त करणाऱ्याचाही आहे. तिला नकाशा, सुटा भाग आणि योग्य मजुरी मिळाली नाही, तर कायद्याचा कागद काय कामाचा?

तेव्हा, जुना घरगुती संगणक किती टिकेल? कंडेन्सर वीस-तीस वर्षांनी बदलावे लागतील. कळांचे पडदे त्याहून लवकर. कॅसेटवर भरवसा ठेवू नये. तिची नक्कल आजच करावी, आणि दोन कराव्या. चिपा आणखी कित्येक दशके चालतील, आणि ज्यांची रचना कोणीतरी लिहून ठेवली आहे त्या गेल्या तरी पुन्हा घडवता येतील. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असे यंत्र असेल, तर ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी उघडून पाहावे आणि ते ज्याला उघडता येते त्या शेजाऱ्याला बोलवावे. त्या ताई आता थकल्या आहेत. डोळ्यांना बारीक दिसत नाही. गेल्या दिवाळीपासून वस्तीतली दोन मुले त्यांच्याकडे सोल्डरिंग शिकावयास जातात. ते यंत्र आता आमच्या कचेरीत आहे, आणि ती मुले महिन्यातून एकदा ते सुरू करून पाहतात.