मेद उतरतो आणि वायू चढतो



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. आजचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती. मनुष्य वजन उतरवायला निघतो. भात अर्ध्यावर आणतो, साखर सोडतो, सकाळी मोड आलेली कडधान्ये आणि रात्री कच्च्या काकडी-गाजराची थाळी असा नेम धरतो. आठ-दहा दिवस जातात आणि पोटात गुबारा धरू लागतो. जो पट्टा सैल व्हायचा तो संध्याकाळी उलट आवळतो. घरची मंडळी म्हणतात, हे कसले पथ्य, पोट तर वाढतेच आहे! आणि दोन-चार दिवसांत नेम मोडतो. पथ्य मोडले की आपण सारा दोष जिभेला देतो. माझ्या मते त्यातला बराचसा या वायूच्या पदरात घालावयास हवा.

या तक्रारीला इतिहास आहे, आणि तो सांगण्याजोगा आहे. तिचे उत्तर एकदा सापडले होते, मग ते नजरेआड झाले, आणि पुढे प्रयोगशाळेच्या दाराने परत आले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय ‘अष्टौनिंदितीय’ नावाचा आहे. शरीराने निंद्य मानलेली आठ माणसे त्यात मोजली आहेत: अतिउंच, अतिठेंगणा, अंगभर केस असलेला, मुळीच केस नसलेला, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश. ही यादी आज कोणी सभेत वाचली तर सभा उधळेल, आणि ते योग्यच होईल. पण पहिल्या सहांचे नाव घेऊन ग्रंथकार त्यांना तिथेच सोडून देतो आणि बराचसा अध्याय शेवटच्या दोघांवर खर्च करतो. कारण त्यांच्याच बाबतीत वैद्याला काही करता येते. स्थूलतेची कारणे तो देतो ती अशी: अतिभोजन, जड, गोड, थंड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, चिंतेचा अभाव, नित्य आनंदी वृत्ती आणि बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. आनुवंशिकतेचे हे कारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या यादीत पाहून स्थूल मंडळींना थोडे हायसे वाटावे.

पुढे या अध्यायाचे मर्म येते. मेदाने मार्ग अडले म्हणजे वायू कोठ्यात फिरू लागतो, तिथला अग्नी फुंकून फुलवतो, अग्नी अन्न झपाट्याने जाळतो, आणि म्हणून स्थूल मनुष्याला पुन्हापुन्हा भूक लागते. वणवा जसा वन जाळतो तसे अग्नी आणि वायू मिळून त्या माणसाला जाळतात, अशी उपमा दिली आहे. ही उपपत्ती आजच्या शारीरशास्त्रात जशीच्या तशी बसत नाही. ती ओढूनताणून बसवणारे आणि सगळे विज्ञान आमच्याकडे होतेच असे म्हणणारे विद्वान पुष्कळ भेटतात. त्यांच्या पंक्तीला मला बसावयाचे नाही. महत्त्वाचे ते त्या उपपत्तीतून निघालेले व्यवहारज्ञान. स्थूल माणसाच्या पोटात मेद आणि वायू हे दोन वेगळे वैरी आहेत, एकाला हुसकावताना दुसरा उठू शकतो, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. म्हणून स्थूलाचे अन्नपान कफ आणि मेद हटवणारे असावे, आणि त्याबरोबर ते वातशामकही असावे, अशी दुहेरी अट तिथे घातलेली आहे.

ही अट का लागली ते पाहण्यासाठी सत्ताविसाव्या, अन्नपानाच्या अध्यायाकडे वळावे लागते. स्थूलासाठी सांगितलेल्या धान्यांत जव म्हणजे सातू आहे, कोद्रू आहे, मूग आणि कुळीथ आहेत. यांतल्या जवाचे गुण सत्ताविसाव्या अध्यायात येतात: रूक्ष, थंड, आणि वात व मल पुष्कळ उत्पन्न करणारा. तूर कफपित्त हटवते, पण वातूळ. कुळीथ मात्र उष्ण आणि वात हरणारा. म्हणजे मेद उतरवणारे पहिले धान्य वायू करणारे आहे, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते! म्हणून जवाशेजारी कुळीथ बसवला आणि सोबत तक्रारिष्टाची योजना केली, असे मला तरी दिसते. तक्रारिष्ट म्हणजे ओवा, आवळा, हिरडा, मिरी आणि लवणे घालून आंबवलेले ताक. जेवणानंतर ताकाला हिंग-जिरे लावणाऱ्या आपल्या आज्यांनी चरक वाचला नव्हता; पण त्या त्याच वाटेने चालत होत्या.

आणखी एक शब्द तिथे आहे, तो लहान आहे म्हणून नजरेतून सुटतो. स्थौल्य टाकू इच्छिणाऱ्याने जागरण, व्यायाम, चिंतन इत्यादी गोष्टी वाढवाव्यात, पण त्या क्रमाने वाढवाव्यात, असे सांगितले आहे. हा ‘क्रमाने’ आपण ध्यानात ठेवू; तो पुढे पुन्हा लागणार आहे.

हा ग्रंथ वैद्यांच्या घराण्यांत आणि पाठशाळांत राहिला. १९४१ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली त्याची सटीक आवृत्ती काढली, ती अभ्यासकांच्या हाती आजही असते. पण वजन उतरवण्याचे जे वेड गेल्या दीडशे वर्षांत जगभर पसरले आणि आपल्या शहरांतही आले, त्याचा उगम या ग्रंथात नाही. तो लंडनमध्ये आहे.

विल्यम बँटिंग हा तिथला अंत्यविधीची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ च्या ऑगस्टात वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाचा बंद वाकून बांधता येईना. जिना उतरताना पाठमोरे उतरावे लागे. बेंबीपाशी आंतर्गळही झालेला. कोणी सांगितले म्हणून त्याने सकाळी नदीवर नाव वल्हवून पाहिली, तर भूक वाढली आणि भुकेबरोबर वजन. शेवटी तो गेला कानाच्या वैद्याकडे, कारण ऐकू कमी येत होते. त्या विल्यम हार्वे नावाच्या वैद्याने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती. त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बीर आणि बटाटे बंद केले; मांस, मासे, भाजी आणि (इंग्रजच तो!) द्राक्षाची मद्ये चालू ठेवली. बँटिंगने १८६३ मध्ये आपली हकीकत एका पुस्तिकेत छापून प्रथम फुकट वाटली. पुढच्या आवृत्तीत त्याने नोंदवलेली घट ४६ पौंडांची, आणि घेरातली सव्वाबारा इंचांची. पुस्तिका इतकी गाजली की त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत पथ्याने वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने बँटिंगचे पथ्य चरकाच्या अगदी उलट टोकाचे होते. त्यात जव नाही, कडधान्य नाही, म्हणून वायूची फारशी सोय नाही. तरीही सकाळी पोट साफ वाटावे म्हणून वैद्याने त्याला एक औषधी पेय दिलेच होते, आणि त्याचे बँटिंगला मोठे कौतुक होते. पथ्य आणि पोट यांची जोडी तिथेही सुटली नाही.

मग विसाव्या शतकात लंबक दुसरीकडे गेला. डेनिस बर्किट या आयरिश शल्यवैद्याने युगांडात पुष्कळ वर्षे काम केले होते. तिथल्या माणसांच्या कोंडायुक्त अन्नाचा आणि युरोपातल्या रोगांच्या अभावाचा संबंध जोडून १९७० च्या दशकात त्याने तंतुमय अन्नाचा धडाक्याने पुरस्कार केला. १९८२ मध्ये ऑड्री आयटन या बाईंचे ‘एफ-प्लॅन डाएट’ हे पुस्तक इंग्लंडात निघाले: कोंडा, घेवडे, सालासकट भाजलेले बटाटे खा आणि वजन उतरवा. पुस्तक धो धो खपले आणि त्याबरोबर त्या पथ्याच्या वायूविषयीचे विनोदही. जव परत आला, कुळीथ आणि ताक मात्र मागेच राहिले. दुहेरी अटीतली एकच अट पाळली गेली. आपल्याकडे आज जे पथ्याचे तक्ते फिरतात ते बहुधा याच एकेरी शिकवणीचे वंशज आहेत.

आता प्रयोगशाळेकडे. आतड्यातला वायू म्हणजे काय, हे पाहण्यासाठी फ्रान्सच्या मजांदी यांनी १८१६ मध्ये देहदंड झालेल्या कैद्यांच्या आतड्यांतील वायू तपासले. पुढच्या शतकात उलगडले ते असे: कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात; त्या पचवणारे पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि कोणाकोणाच्या पोटात मिथेनही तयार करतात. साखरेऐवजी ‘बिनसाखरी’ गोळ्यांत घातलेले सॉर्बिटॉल याच वाटेने जाते. म्हणजे पथ्याच्या नावाखाली माणूस कडधान्य वाढवतो, कोंडा वाढवतो, वर त्या गोळ्या चघळतो आणि पोटातल्या जंतूंना त्रिवार मेजवानी देतो.

पण खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेतील मिनिॲपोलिसच्या मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवले की, पोट फुगते म्हणून तक्रार करणाऱ्यांच्या आतड्यातला वायू निरोगी माणसाच्या वायूपेक्षा विशेष जास्त नसतो. दोघांच्याही पोटात तो सुमारे २०० मिलिलिटरच, म्हणजे पेलाभर. मग पोट पुढे येते कसे? बार्सिलोनाच्या संशोधकांनी फुगलेल्या पोटांची क्ष-किरणांची छेदचित्रे काढली. निरोगी माणसाच्या पोटात वायू वाढला की श्वासपटल वर सरकते आणि पोटाची भिंत आवळते. या रुग्णांपैकी अनेकांत उलटेच घडत होते: श्वासपटल खाली उतरत होते आणि भिंत सैल सुटत होती. पोट पुढे आले होते ते खरे, पण ते चरबीने नव्हे आणि पुष्कळसे वायूनेही नव्हे. श्वास आणि पोटाचे स्नायू यांना वळण लावल्यावर त्यांतल्या अनेकांचा घेर उतरला. लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून ‘योगमीमांसे’त उड्डियान आणि नौलीच्या वेळच्या श्वासपटलाची क्ष-किरण चित्रे व दाबाची मापे प्रसिद्ध केली, त्यांचा हेतू निराळा होता, पण पोटाचा आकार श्वासपटलाच्या हाती असतो, एवढे त्या चित्रांतही दिसते.

मिठाचीही एक गोष्ट आहे. रक्तदाबासाठी अमेरिकेत ४१२ माणसांवर जो प्रसिद्ध आहारप्रयोग झाला, त्याची आकडेवारी २०१९ मध्ये पुन्हा तपासली गेली. भाज्या, फळे, कोंडायुक्त धान्ये यांच्या आहाराने पोटफुगीची तक्रार सुमारे ४१ टक्क्यांनी वाढली होती. आणि कोणताही आहार असो, मीठ जास्त असले की तक्रारही जास्त. फिकट पथ्याला चव यावी म्हणून पानात लोणचे आणि पापड वाढून घेणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

तेव्हा करावयाचे काय? पथ्य सोडू नये. कडधान्य रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे, मोड आणावेत आणि पुरते शिजवावे. भिजवण्याने आणि मोडांनी त्या शर्करा कमी होतात. वालाला मोड आणून, सोलून डाळिंब्या करणारे घर हेच करीत आले आहे. कच्च्या मोडांची वाटी म्हणजे त्या परंपरेतली अर्धीच क्रिया. कोंडा आणि कडधान्य एकदम दुप्पट न करता आठवड्या-आठवड्याने वाढवावे, आतड्याला सवय होऊ द्यावी. चरकाचा ‘क्रमाने’ इथे लागतो. कमी अन्नाने मलावरोध होतो आणि त्यानेही पोट फुगते, तेव्हा पाणी आणि चालणे कमी करू नये. आणि संध्याकाळी पट्टा आवळला म्हणून वजनाचा हिशेब करू नये. माप घ्यायचे तर सकाळी, अनशापोटी, आठवड्यातून एकदा.

एका पोटाविषयी मात्र हे काहीच लागू नाही. सकाळी उतरते आणि संध्याकाळी चढते ते पोट वेगळे. आणि जे दिवसेंदिवस उतरतच नाही, अंग वाळते पण पोट वाढते, ते वेगळे. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीचे पोट नव्याने आणि सतत फुगू लागले तर अंडाशयाच्या कर्करोगाची शंका घेऊन रक्त व सोनोग्राफी तपासावी, असे ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत २०११ पासून सांगितलेले आहे. अशी बाई पथ्य लागू पडले म्हणून महिनोन्‌महिने समाधानात राहते, ही यातली सर्वांत दुःखाची गोष्ट. चरकाने उदररोगांचे आठ प्रकार वेगळे काढले ते याच भयाने. वातोदरावर टिचकी मारली तर फुगवलेल्या कातडी पिशवीसारखा आवाज येतो, आणि जलोदराचा स्पर्श पाण्याने भरलेल्या पखालीसारखा डचमळता लागतो, असे तो लिहितो. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या खाणावळवाल्याच्या मुलाने १७६१ मध्ये छातीवर बोटाने ठोकून रोग ओळखण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. आजही वैद्य पोट तपासताना डाव्या हाताचे मधले बोट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकतात, आणि आत वायू आहे की पाणी, ते त्या आवाजावरून ऐकतात.