पाठ चोळायची की कूस बदलायची?

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका काकांना बघायला गेलो होतो. अर्धांगवायू झालाय, दोन महिने अंथरुणाला खिळलेत. काकू रोज सकाळ-संध्याकाळ स्पिरिट लावून त्यांची पाठ खसाखसा चोळतात, वरून पावडर. दवाखान्यातून सोडताना तसंच सांगितलं होतं म्हणाल्या. तरी माकडहाडाशी लाल चट्टा उठलाच. मी काहीच बोललो नाही. बारा वर्षांपूर्वी वडिलांची पाठ मीही अशीच चोळत होतो. जखम झाली तेव्हा वाटलं आपलं चोळणं कमी पडलं, म्हणून आणखी जोर लावला. वडील गेले दुसऱ्याच आजाराने, पण ती जखम अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

घरी आलो आणि शोधायला बसलो. प्रश्न साधा होता: पडून असलेल्या माणसाला बेडसोर होऊ नये म्हणून पाठ चोळायची की कूस बदलायची? या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास निघाला.

1853 साली ब्राउन-सेकार्ड या शास्त्रज्ञाने गिनीपिगवर प्रयोग केले. मज्जारज्जूला इजा झालेल्या प्राण्यावर दाब येऊ दिला नाही, त्याला स्वच्छ ठेवलं, तर जखमा होत नाहीत असं त्याला दिसलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने तर आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात स्पष्टच लिहिलं की असे व्रण बहुतेक वेळा आजारामुळे होत नाहीत, शुश्रूषेत कसूर झाल्यामुळे होतात. पण पुढे पॅरिसचा बडा मेंदूतज्ज्ञ चार्को म्हणाला की हे व्रण मेंदू आणि मज्जारज्जूच्या बिघाडामुळे आतूनच येतात. त्याचं नाव एवढं मोठं की त्याचं मत बराच काळ टिकलं. जखम आतूनच येणार असेल तर सिस्टरने तरी काय करायचं?

खरी मोजणी झाली ती विसाव्या शतकात, ब्रिटनमध्ये. डॉ. एक्स्टन-स्मिथ आणि शेरविन यांनी 50 वृद्ध रुग्णांच्या गाद्यांना यंत्र जोडलं आणि झोपेत कोण किती हालचाल करतो ते मोजलं. 1961 साली ते छापून आलं. रात्रीत 50 पेक्षा जास्त वेळा हलणाऱ्या एकालाही बेडसोर झाला नाही. 20 किंवा त्याहून कमी वेळा हलणारे 10 जण होते, त्यातल्या 9 जणांना झाला. आपण झोपेत नकळत कूस बदलतो, ते शरीराचं स्वतःचं औषधच म्हणायचं.

पुढच्याच वर्षी डोरीन नॉर्टन या नर्सचा अभ्यास आला, मॅकलॅरन आणि एक्स्टन-स्मिथ यांच्यासोबत केलेला. धोका कोणाला जास्त आहे हे ओळखायला तिने पाच गोष्टींची गुणपट्टी बनवली: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंग हलवता येणं, लघवी-शौचावर ताबा. एकूण गुण 20, आणि 14 किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. तिचा भर कातडीला काय फासता यावर नव्हता, एकाच जागी दाब किती वेळ राहतो यावर होता. आपल्याकडे वॉर्डात चालणाऱ्या कामाचा प्रश्न एका नर्सने संशोधनाला घ्यावा हे आजही क्वचितच घडतं, हे जाता जाता.

मग चोळण्याचं काय? इथे मला पुरावा वाचायचा कसा ते कळलं. जगभरचे प्रयोग गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2015 साली मसाजचा आढावा घेतला. निकषात बसणारा एकही प्रयोग सापडला नाही. इतकी वर्षं चोळतोय, आणि धड तपासलेलं कुणीच नाही! अर्थात त्यावरून चोळणं निरुपयोगी आहे असंही सिद्ध होत नाही, फक्त पुरावा नाही एवढंच कळतं. पण दाबाने आधीच रक्तपुरवठा कमी झालेल्या कातडीवर घासणं म्हणजे आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना आणखी इजा, हा धोका मात्र आहे. म्हणून ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने 2014 सालीच सांगून टाकलं की बेडसोर टाळण्यासाठी चोळू नका.

कूस किती तासांनी बदलायची? 2013 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 27 वृद्धसेवा केंद्रांतल्या 942 जणांचा अभ्यास आला. दोन, तीन आणि चार तास असे गट केले होते. गटांमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. वाचून मी खूश झालो, म्हटलं चला, काकूंची रात्रीची झोप वाचली. पण नीट वाचल्यावर कळलं की ते सगळे जाड, चांगल्या प्रतीच्या फोमच्या गादीवर होते. काकांची गादी कापसाची, मधोमध खड्डा पडलेली. आकडा खरा असला तरी तो या खोलीत लागू होत नाही.

ओळखीच्या सिस्टरना हे दाखवलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला शिकवलं तेच आम्ही शिकवतो हो, वाचायला वेळ कुठाय?" खोटं नाही त्यांचं. एका वॉर्डात किती पेशंटमागे किती सिस्टर असतात ते आपण बघतोच. पण कॉक्रेनचं ग्रंथालय भारतीयांना फुकट वाचता यावं म्हणून आयसीएमआरने 2007 सालीच पैसे मोजले होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही परवाच कळलं.

लाल चट्ट्यावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा पडत नसेल तर आत इजा सुरू झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, गरम किंवा कडक लागतं का. तसं असेल तर त्या बाजूवर झोपवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं.

काल परत गेलो काकूंकडे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग एवढी स्पिरिटची बाटली आणलीय तिचं काय करू?" तोवर नातवाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दर दोन तासांच्या वेळा लिहून काढल्या होत्या. रात्री दोनची पाळी त्याने स्वतःकडे घेतलीय. नवीन गादीचं बघतोय, कुणाकडे वापरात नसलेली एअर बेड असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.