बिल्ल्यामागचे नाव

सातारा-सांगलीकडच्या बौद्ध वस्त्यांतून मी जुने लष्करी बिल्ले पाहत हिंडतो. बिल्ला हाती आला की पहिला प्रश्न, अस्सल कशावरून? ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याची नक्षी धारदार असते. ओतीव नकलेच्या कडा बोथट असतात, अंगावर बारीक छिद्रे दिसतात.

महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. हे कोरेगाव साताऱ्याचे नव्हे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे, भीमेकाठचे. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. तेव्हा खंजिराचा बिल्ला कोणी १९४१ चा म्हणून दाखवला तर मानू नये.

पण धातूची पारख इथेच संपते. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकभर मुंबई लष्करात लढले. त्यांच्या पलटणींवर जातीचे नाव नव्हते. १८९० नंतर ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. साताऱ्यात राहिलेले सुभेदार रामजी सकपाळ त्या तोडलेल्या परंपरेतले. १९१७ साली महायुद्धाला माणसे हवी झाली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली; युद्धानंतर तीही मोडली. म्हणून बिल्ल्यावर ‘महार’ नाही एवढ्यावरून एखाद्या घराचा दावा खोटा ठरत नाही.

बिल्ल्यावर शिपायाचे नाव नसते. ते पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर, पेन्शनच्या कागदावर सापडते. कार्यकर्त्यांनो, विद्यार्थ्यांनो, बिल्ला, पदक, कागद एकत्र ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्यांची साक्ष लिहून घ्या. नावापासून सुटलेला बिल्ला भंगारवाल्याकडे पितळेच्या भावाने जातो.