मापन-शिक्षण, प्राथमिक

लांबी, वजन, धारकता, काल व नाणी यांचे मापन आणि त्यांची एकके यांची प्राथमिक शाळेतील मुलांना करून दिली जाणारी ओळख. महाराष्ट्रात या शिक्षणाचे स्वरूप प्रचलित मापनपद्धतीबरोबर पालटत गेले. तथापि कोष्टकांचे पाठांतर आणि प्रत्यक्ष मोजणी यांतील अंतर हा त्यातील प्रमुख प्रश्न प्रत्येक टप्प्यावर राहिला.

पंतोजींच्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी (साडेतीनाचा पाढा) हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ करून घेत. निम्मे व चौथाई या भागांवर आधारलेल्या तत्कालीन मापांशी त्यांचा मेळ होता. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली. वजनात नवटाक, पावशेर, अच्छेर व शेर. तर रुपयाचे १६ आणे अशी ही रचना होती. शेराचा भाव ६ आणे असल्यास अडीच शेरांची किंमत १५ आणे, हे अडीचकीवरून तत्काळ सांगता येई. शेर, पायली व मण यांचे प्रमाण मात्र प्रदेशपरत्वे भिन्न असल्याने पाठ केलेले कोष्टक बाजारातील मापाशी जुळेलच असे नसे. ब्रिटिश अमदानीत इंच-फूट-यार्ड व औंस-पौंड यांच्या कोष्टकांची भर पडली आणि मिश्र राशींच्या रूपांतराची उदाहरणे हाच अंकगणिताचा मोठा भाग बनला.

वर्धा येथे १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेने मोजणीस प्रत्यक्ष कामाची जोड दिली. स्वतः कातलेले सूत तार, लटी (१६० तार) व गुंडी (६४० तार) या एककांत मोजताना मुलाला एककाची गरज आपोआप पटे.

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी प्रचारात आली. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानुसार मेट्रिक वजने-मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. आकडेमोड सुलभ झाली व अपूर्णांकांच्या पाढ्यांचे प्रयोजन घटले. संक्रमणकाळात मात्र आण्याचे ६·२५ नये पैसे, ८० तोळ्यांच्या शेराचे सु. ९३३ ग्रॅम, अशी रूपांतरे करावी लागत. जुनी नावे व्यवहारातून सर्वस्वी गेली नाहीत. सराफीत तोळा १० ग्रॅमचा मानला जाऊ लागला.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे व त्यांचे सहकारी यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून या प्रश्नाचे मूळ स्पष्ट झाले. समान लांबीच्या दोन काठ्यांपैकी एक पुढे सरकवली की लहान मुलास ती अधिक लांब वाटते. लांबी कायम राहते हे उमगण्यापूर्वी पट्टीवरील अंक त्यास अर्थशून्य असतात. म्हणून प्रथम दोन वस्तूंची तुलना, नंतर वीत, पाऊल, वाटी यांनी मोजणी, त्यांतील व्यक्तिपरत्वे येणाऱ्या फरकाचा अनुभव व शेवटी मीटर, किलोग्रॅम, लिटर ही प्रमाणित एकके, असा क्रम पुढे मान्य झाला.

तराजू, मापे व टेप मुलांच्या हाती देण्यास वेळ व साधने लागतात. लेखी परीक्षेत रूपांतराचे उदाहरण तपासणे सोपे असते. त्यामुळे किलोमीटरचे मीटर अचूक करणाऱ्या मुलास वर्गाची लांबी अंदाजाने सांगता येत नाही, असे घडते. दशमान पद्धतीने कोष्टके सोपी केली. एककाची जाण मात्र प्रत्यक्ष मोजण्यातूनच येते.