धरणे आणि नदीतळाचे जीव

नदीतळाच्या दगडगोट्यांत राहणारे कीटक, गोगलगायी व कृमी हे माशांचे मुख्य खाद्य. धरणामुळे गाळ मागे अडतो, खोल जलाशयातले थंड पाणी खाली सुटते आणि या जीवांचे जीवनचक्र विस्कटते.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ पासून पाणी अडवले आहे. विजेच्या मागणीनुसार विसर्ग बदलल्याने खालची पातळी रोज चढते-उतरते. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांसारखे अनेक कीटक काठालगत, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली दगडांना अंडी चिकटवतात. पाणी ओसरले की ती उघडी पडून सुकतात. धरणाच्या खालच्या बाजूच्या ग्रँड कॅन्यनमध्ये असे कीटक म्हणूनच दुर्मीळ आहेत.

२०१८ च्या मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी विसर्ग कमी व स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला. त्या दोन दिवसांत घातलेली अंडी पुढे पाण्याखालीच राहावीत, हा त्यामागचा हेतू होता.