पावलांची मोटर

हातातल्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा कधी निरखून पाहिला आहे? तो वाहत नाही. एक पाऊल टाकतो, थांबतो, पुन्हा एक पाऊल टाकतो. सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, त्याच्या पोटातही अशीच पावलांनी चालणारी, म्हणजे स्टेपर मोटर होती.

साधी मोटर वीज मिळाली की फिरतच राहते. स्टेपर मोटर विजेच्या एका ठोक्याला एकच पाऊल टाकते. कारखान्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात एक पाऊल १.८ अंशांचे असते. २०० पावले झाली की एक फेरी पूर्ण. ठोके मोजले की मोटर किती फिरली ते कळते, वेगळे पाहावे लागत नाही. याच गुणामुळे १९२०च्या दशकात ब्रिटिश युद्धनौकांवर तोफांची दिशा दूरवर दाखवण्यासाठी तिचा उपयोग झाला.

पण या मोटरीत एक उणीव आहे. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, उभी असताना सर्वांत जास्त आणि पळू लागली की कमी. असे का? गल्लीतला सार्वजनिक नळ आठवा. प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळाला तर हंडा काठोकाठ भरतो. मागच्यांनी घाई केली की अर्धा हंडा उचलावा लागतो. मोटरीच्या वेटोळ्यांत वीजप्रवाह भरायलाही असाच वेळ लागतो. ठोके भराभर आले की प्रवाह पुरता चढायच्या आत पाळी संपते. शिवाय फिरती मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करते आणि येणारा प्रवाह आणखी अडवते. त्यावर उपाय म्हणून जास्त व्होल्टेज देऊन प्रवाहाला मर्यादा घालतात आणि वेग हळूहळू वाढवतात. तरीही ओझे जोरापेक्षा जड झाले तर पाऊल चुकते. आणि खरी अडचण पुढेच आहे. ठोके देणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो! त्याची मोजणी बिनचूक चालू राहते आणि यंत्र मात्र भलतीकडे कापत जाते.

जपानच्या फुजित्सू कंपनीतील अभियंते सेइउएमोन इनाबा (१९२५–२०२०) यांना अवजड यंत्रे ठोक्यांवर चालवायची होती. नुसत्या पावलांच्या मोटरीचा जोर त्यासाठी अपुरा होता. १९५९ मध्ये त्यांनी तिला तेलाच्या दाबाची जोड दिली. पावले विजेची, ताकद तेलाची. ही इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर त्यांच्या यंत्रांचा आधार बनली. १९७२ मध्ये हाच विभाग 'फुजित्सू फानुक' ही स्वतंत्र कंपनी झाला.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, जगावर तेलसंकट कोसळले. ऊर्जा महाग झाली आणि भरपूर ऊर्जा खाणारी हायड्रॉलिक यंत्रणा परवडेनाशी झाली. इनाबांपुढे पेच उभा राहिला. स्वतःचे, नावलौकिक मिळवून देणारे अपत्य सांभाळायचे की सोडायचे? त्यांनी ते सोडले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या गेटिस कंपनीकडून डी.सी. सर्व्हो मोटरीचे तंत्र घेतले. सर्व्हो मोटर आपण कुठे आहोत याची खबर परत पाठवते. चूक झाली तर ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. फानुक पुढे जगातील आघाडीच्या कंपन्यांत गणली गेली.

पावलांची मोटर काही संपली नाही. जिथे ओझे ठाऊक आहे आणि घाई बेताची आहे तिथे, म्हणजे घड्याळात, प्रिंटरमध्ये, त्रिमितीय छपाईच्या यंत्रात, ती आजही इमानाने राबते आहे.

मी मात्रा मोजणारा माणूस. मोजणी बरोबर असूनही ओळ पडते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. कुणीतरी ऐकून 'चुकले' म्हणावे लागते. इनाबांनी ते बाजाराच्या तोंडून वेळेवर ऐकले आणि स्वतःची निर्मिती खोडली. मला त्यांच्या शोधापेक्षा ही खोडाखोड मोठी वाटते.